भाड्याचें घर : उत्पन्न कीं उस्तवार?

“घर पहावें बांधून आणि लग्न पहावें करून” ही म्हण आपल्या घराघरांतून ऐकूं येते. ज्यानें ती प्रथम उच्चारली त्यानें घर बांधलें असेल, लग्नहि लावून दिलें असेल. परंतु भाडेकरू मात्र ठेवला नसावा, नाहीं तर या म्हणीस तिसरें अंग फुटल्यावांचून राहतें ना. गेल्या तीनचार वर्षांत आमच्या कुटुंबानें हा तिसरा अनुभव घेतला. त्यांत लाभ झाला, तोटाहि झाला, आणि दोघां सख्ख्या भावांत एक उन्हाळाभर अबोला धरला जावा इतका बिकट प्रसंगहि आला. निवृत्तीचा पैसा हातीं आला कीं “एक फ्लॅट घेऊन टाकावा, बसल्या जागीं भाडें येत राहील,” असा विचार हल्लीं पांढरपेशा घरांतून सर्रास केला जातो. तेव्हां आमचा जमाखर्च चारचौघांपुढें मांडला तर कोणाच्या तरी उपयोगीं पडेल, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

आजोबांचा वाडा

आमच्या आजोबांचा पुण्यास सदाशिव पेठेंत लहानसा वाडा होता. मागच्या चौकांत आम्ही राहत असूं. पुढच्या बाजूस व माडीवर मिळून सहा बिऱ्हाडें होतीं. कोणाचें भाडें दरमहा ९ रुपये, कोणाचें १२. सर्वांत मोठें बिऱ्हाड १५ रुपये देई. सहाहि बिऱ्हाडांचे मिळून महिन्याचे ६९ व वर्षाचे ८२८ रुपये जमत. पावसाळ्याच्या तोंडावर बाबा कौलें शाकारून घेत. १९८० च्या सुमारास एके वर्षीं माडीची एक तुळई बदलावी लागली. लांकूड, सुतार व मजुरी मिळून सुमारें दोन हजार रुपये लागले. म्हणजे एका तुळईनें सहा बिऱ्हाडांचें जवळ जवळ अडीच वर्षांचें भाडें खाल्लें! भाडें वाढवावें तर कायदा आड येई, आणि दुरुस्ती न करावी तर माडी खालीं येई.

हा कायदा कसा आला हें समजून घेणें जरूर आहे, कारण त्याची भीति आमच्या पिढीच्या मनांतहि ठाण मांडून बसली आहे. पहिल्या महायुद्धाच्या काळांत मुंबईंत वस्ती वाढली, बांधकामें मंदावलीं व भाडीं भडकलीं. तेव्हां १९१८ सालीं मुंबई इलाख्यांत घरभाड्यावर पहिला निर्बंध आला. दुसऱ्या महायुद्धांत तीच स्थिति पुन्हां उद्भवली. स्वातंत्र्याच्या वर्षीं झालेला १९४७ चा भाडेनियंत्रणाचा कायदा १३ फेब्रुवारी १९४८ पासून अमलांत आला, आणि १ सप्टेंबर १९४० रोजीं जें भाडें होतें तेंच सामान्यतः ‘प्रमाण भाडें’ मानण्यांत आलें. तात्पुरता म्हणून योजलेला हा उपाय मुदतीमागून मुदत वाढत जाऊन अर्धशतक टिकला. मध्यंतरीं ‘हा भाडेकरू नव्हे, केवळ परवानगीनें राहणारा आहे’ असें लिहून घेऊन घर देण्याची वाट मालकांनीं काढली होती. परंतु १९७३ सालीं कायद्यांत दुरुस्ती झाली, व त्या वर्षीं १ फेब्रुवारीस जे असे परवानाधारक घरांत होते त्यांसहि भाडेकरूचा दर्जा मिळाला.

पुढें १९९७ च्या डिसेंबरांत, असें गोठविलेलें भाडें आतां वाजवी राहिलेलें नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें दिला. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा, १९९९ लागू झाला. त्यानें जुन्या भाडेकरूंचें संरक्षण कायम ठेवून मालकास दरसाल शेंकडा ४ वाढ घेण्याची मुभा दिली. मुभा खरी, पण बारा रुपयांवर शेंकडा चार म्हणजे अठ्ठेचाळीस पैसे!

आमचे बिऱ्हाडकरू दुष्ट होते असें मात्र कोणीं समजूं नये. आई आजारी असतां माडीवरच्या काकूंनीं आम्हां भावंडांस दोन महिने जेवूं घातलें आहे. त्यांच्यापैकीं एकानेंहि भाडें कधीं थकविलें नाहीं. भाडें ठरलें होतें तें ते देत, आणि तेवढ्यांत घर उभें राहत नसे. दोष असलाच तर तो या गणिताचा होता. १९९६ सालीं तो वाडा बिल्डरकडे गेला, बिऱ्हाडकरूंस त्यांच्या जागा मिळाल्या, व आम्ही कोथरूडास राहावयास आलों. त्यानंतर बाबा दोन वर्षेंच होते. “पोरांनो, घर घ्या, विका, हवें तर रिकामें ठेवा, पण भाड्यानें देऊं नका,” हें त्यांचें सांगणें आम्हां दोघांच्याहि पक्कें स्मरणांत होतें.

कागदावरचें उत्पन्न

दादा, म्हणजे माझे वडील बंधु, एका खासगी कारखान्यांतून २०१९ सालीं निवृत्त झाले. पेन्शन नांवापुरतें, सारी भिस्त प्रॉव्हिडंट फंड, ग्रॅच्युइटी व साठविलेल्या ठेवी यांच्यावर. २०२२ च्या दिवाळींत त्यांनीं वारज्यास दोन बेडरूमचा एक तयार फ्लॅट पसंत केला. दलाल म्हणाला, “महिना वीस हजार भाडें कोठें गेलें नाहीं. घराची किंमत वाढेल ती निराळीच.” बाबांच्या शब्दांची मीं आठवण करून दिली, तेव्हां दादा म्हणाले, “अरे, तो कायदा गेला, तो काळहि गेला.” कायद्यापुरतें त्यांचें म्हणणें पुष्कळसें बरोबर होतें. आज ठराविक मुदतीच्या परवान्यानें, म्हणजे ज्यास लोक ‘लीव्ह अँड लायसन्स’ म्हणतात त्या कराराने, घर दिलें तर मुदत संपतांच तें परत मिळण्याची सोय आहे. पैशांत दहा लाख कमी पडत होते. ते मीं दिले. चेकनें दिले एवढेंच. त्यापलीकडे दोघां भावांत कागद कसला करावयाचा?

वास्तुशांत झाली, पेढे वांटले, आणि मग मीं दादांच्या वहींत हिशेब पाहिला. घराची किंमत ६०,००,००० रुपये. मुद्रांकशुल्क शेंकडा ७ प्रमाणें ४,२०,०००. नोंदणी ३०,०००. दलाली ६०,०००. कपाटें, ओटा, पंखे, गीझर, जाळ्या व रंग यांस २,९०,०००. एकूण ६८,००,०००. फ्लॅटची किंमत साठ लाख हें सर्वांच्या तोंडीं होतें. वरचे आठ लाख कोणाच्याच तोंडीं नव्हते.

आतां कांहींहि विघ्न न येतां सरळ गेलेल्या एका वर्षाचा जमाखर्च पहा. बिऱ्हाड बदलतांना एक महिना घर रिकामें राहतें असें धरलें आहे.

जमा : २०,००० प्रमाणें ११ महिन्यांचें भाडें, २,२०,०००.

खर्च : दलालास एका महिन्याचें भाडें, २०,०००. सोसायटीचा मेंटेनन्स, ३६,०००. मालक स्वतः राहत नाहीं म्हणून सोसायटी घेते तो आकार, ३,०००. महापालिकेचा मिळकतकर, १४,०००. करार व नोंदणी यांतील आपला हिस्सा, १,५००. रंग, नळ, वीज व किरकोळ दुरुस्ती, २१,५००. एकूण ९६,०००.

शिल्लक १,२४,०००. अडुसष्ट लाखांवर हें प्रमाण शेंकडा दोनहूनहि कमी पडतें. २०२३ सालीं बँकांच्या ठेवींवर ज्येष्ठ नागरिकांस शेंकडा सातच्या आसपास व्याज मिळत होतें. त्या हिशेबानें याच रकमेचे वर्षाला पावणेपांच लाख आले असते, आणि त्यासाठीं जिना चढावा लागला नसता.

यांतील दोनतीन बाबी नवशिक्या घरमालकास ठाऊक नसतात, म्हणून खुलासा करतों. पुण्यांत मालक स्वतः राहत असेल तर मिळकतकरांत ४० टक्के सवलत मिळते. घर भाड्यानें दिलें कीं ती जाते. सहकारी गृहसंस्थेस मालक न राहण्याबद्दल आकार घेतां येतो खरा, परंतु १ ऑगस्ट २००१ च्या शासकीय आदेशानें तो सेवाशुल्काच्या शेंकडा १० हून अधिक असतां कामा नये. आमच्या सोसायटीच्या चिटणीसांनीं प्रथम याच्या चौपट रक्कम मागितली होती. आदेशाची प्रत दाखवितांच कांहींहि वाद न होतां ती कमी झाली. आयकराच्या हिशेबांत मिळालेल्या भाड्यांतून महापालिकेचा भरलेला कर वजा होतो, व उरलेल्या रकमेच्या ३० टक्के सरसकट सूट मिळते. मग प्रत्यक्ष खर्च त्याहून कमी होवो वा जास्त; मेंटेनन्स व दलाली निराळी दाखवितां येत नाहीं.

कोणी म्हणेल कीं घराची किंमत वाढते ती कां धरीत नाहीं? ती धरावी; पण निराळ्या पानावर धरावी. किंमत विकतेवेळीं हातीं येते, आणि दरमहाचें दूध व औषधें यांचें बिल दरमहा येतें. फ्लॅटचें स्वयंपाकघर तेवढें विकून डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचा खर्च भागवितां येत नाहीं. ज्याचें पोट दुसऱ्या उत्पन्नावर चालतें त्यानें किंमत वाढण्याची वाट पहावी. ज्याचें पोटच भाड्यावर अवलंबून आहे त्यास ती चैन परवडत नाहीं. दादा या दुसऱ्या वर्गांतले होते, आणि घर घेतांना आम्हीं त्यांस पहिल्या वर्गांत बसविलें, ही आमची पहिली चूक.

ओळखीचा भाडेकरू

दुसरी चूक भाडेकरू निवडतांना झाली. एका आप्तांनीं त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांचें नांव सुचविलें. “आपल्यांतलेच आहेत, घरंदाज आहेत,” एवढ्या शिफारशीवर दादा निर्धास्त झाले. दलाली वांचली याचाच आनंद! डिपॉझिट एका महिन्याचें, आणि करार? आप्त मध्यें असतां नोंदणी मागणें हें अविश्वास दाखविल्यासारखें होईल, म्हणून साध्या मुद्रांकावर चार ओळी लिहून सह्या झाल्या. “अकरा महिन्यांचा करार नोंदवावा लागत नाहीं,” असेंहि कोणी तरी सांगितलें.

ही समजूत महाराष्ट्रांत तरी साफ चुकीची आहे. १९९९ च्या कायद्याच्या ५५ व्या कलमाप्रमाणें मुदत कितीहि असली तरी करार लेखी व नोंदलेला असावाच लागतो, आणि तो नोंदविण्याची जबाबदारी मालकावर आहे. ती न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद, पांच हजारांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊं शकतात. पण याहूनहि महत्त्वाची गोष्ट ही कीं, नोंदलेला करार नसेल तर अटींविषयीं भाडेकरू जें सांगेल तेंच, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरलें जातें. म्हणजे नोंदणीचे हजार रुपये वांचविण्याच्या भरांत आपण आपली जीभच दुसऱ्याच्या स्वाधीन करतों.

पहिले सहा महिने भाडें वेळेवर आलें. नंतर पांच तारखेचें पंधरा तारखेस येऊं लागलें, मग पुढच्या महिन्यांत. दिवाळीनंतर फोन उचलला जाईना. दादांनीं आप्तांकडे गाऱ्हाणें नेलें, तर ते म्हणाले, “मीं फक्त नांव सुचविलें, हमी घेतली नव्हती.” २०२३ च्या डिसेंबरांत एके सकाळीं घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवून बिऱ्हाड निघून गेलें. तीन महिन्यांचे साठ हजार थकलेले. डिपॉझिट वजा जातां चाळीस हजार बुडाले. न्हाणीघरांतील गळती महिनोन् महिने कोणास न कळविल्यामुळें खालच्या घराचें छत ओलें झालें होतें. त्याची फरशी उखडून पुन्हां बसविण्याचा खर्च निराळा पडला.

त्या रात्रीं दादा बराच वेळ गप्प बसून होते. मग म्हणाले, “बाबांचे भाडेकरू पंधरा रुपये देत, पण देत तरी.” जातीवरून, आडनांवावरून किंवा कोणाच्या घरीं काय शिजतें यावरून भाडें वेळेवर येण्याचा अंदाज बांधण्याची आपली जी संवय आहे, ती त्या दिवशीं आमच्या घरांतून गेली. नोकरीचा दाखला, मागच्या घरमालकाशीं दोन शब्द, पोलीसठाण्यास द्यावयाची माहिती, आणि नोंदलेला करार, या चार गोष्टी आडनांवापेक्षां अधिक बोलतात.

अनोळखी भाडेकरू

२०२४ च्या फेब्रुवारींत परभणीकडील एक तरुण जोडपें राहावयास आलें. ना ओळख, ना पाळख. चोवीस महिन्यांचा करार रीतसर नोंदविला, तीन महिन्यांचें डिपॉझिट घेतलें, प्रत्येक खोलीचीं छायाचित्रें काढून दोघांनींहि ठेवलीं, गीझर व पंखे चालू असल्याची यादी कराराला जोडली. आतां कांहींच भय नाहीं असें वाटलें.

परंतु कागद भाडें मागण्याचा अधिकार देतो. भाडेकरूच्या खिशांत पैसे घालीत नाहीं. सप्टेंबरांत त्या तरुणाची नोकरी गेली. पहिल्या तारखेसच त्यानें दादांस फोन करून सांगितलें, “काका, या महिन्याचें भाडें जमणार नाहीं.” ऑक्टोबर तसाच गेला, नोव्हेंबरहि. इकडे दादांची ठेव मोडावी लागली. पहिल्या भाडेकरूनें एकदां पोळल्यामुळें त्यांचा धीर सुटला. कट्ट्यावरचे मित्र सांगूं लागले, “पाणी बंद करा, मीटर काढा, आठ दिवसांत घर मोकळें होईल.” दादा खरोखरीच प्लंबरास घेऊन निघण्याच्या बेतांत होते.

वहिनींनीं त्यांस दारांत अडविलें. हें करणें माणुसकीचें नाहीं हें तर खरेंच. पण तें कायद्याचेंहि नाहीं. पाणी, वीज यांसारखा अवश्य पुरवठा मालकानें तोडणें या कायद्यानें मना आहे. रीतसर मार्ग निराळा आहे. मुदत संपूनहि परवानाधारक घर सोडीत नसेल, तर मालकास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळवितां येतो, व मुदत संपल्यापासून दुप्पट दरानें भरपाई मागतां येते. हा उपाय मुदत संपल्यानंतरचा आहे. मध्येंच भाडें थकलें तर करार रद्द करण्याची अट आधींच लिहिलेली असावी लागते. आमच्या करारांत दोन महिने थकल्यास एक महिन्याच्या नोटिसीनें करार संपेल अशी अट होती. तेव्हां दादांचा हक्क शाबूत होता. तो आतां बजावावा कीं नाहीं एवढाच प्रश्न होता.

वहिनी स्वतः वारज्यास गेल्या. घर स्वच्छ होतें, गळती नव्हती, सोसायटींत तक्रार नव्हती. त्या मुलीनें डबे करून देण्यास सुरुवात केली होती व तो तरुण एका गॅरेजांत तात्पुरतें काम करीत होता. परत येऊन वहिनी मला म्हणाल्या, “भावजी, नवा भाडेकरू आणावयाचा तर एक महिना घर रिकामें, एक महिन्याची दलाली, आणि रंग. साठ हजारांना तर इथेंच पाय फुटले. त्यापेक्षां या मुलांना सहा महिने देऊन पहावें.” मग त्यांनींच तोड काढली : डिसेंबरपासून चालू भाडें पुरें द्यावें, व थकलेले साठ हजार दरमहा दहा हजारांप्रमाणें फेडावे; न जमल्यास डिपॉझिटांतून वळते करून घर सोडावें. हें सारें एका कागदावर लिहून दोहों बाजूंच्या सह्या झाल्या. जानेवारींत त्या तरुणास दुसरी नोकरी लागली. एक हप्ता चुकला, पण जुलै २०२५ पर्यंत पै न् पै फिटली. मुदत संपल्यावर नवा करार नोंदवून तें जोडपें आजहि तेथेंच आहे.

यावरून प्रत्येकास सवलत द्यावी असा अर्थ कोणीं काढूं नये. पहिल्या भाडेकरूस आम्ही अशीच सवलत देत बसलों आणि बुडालों. एकानें अडचण तारखेच्या आधीं सांगितली, दुसऱ्यानें तारीख उलटल्यावर फोन बंद केला. आम्हांस पुढें उपयोगीं पडलेली कसोटी ती एवढीच.

येथें आणखी एक गोष्ट नमूद करणें माझें कर्तव्य आहे. दादांच्या वहींत प्लंबर आहे, रंगारी आहे, दलाल आहे. वहिनींच्या श्रमांची ओळ मात्र कोठेंहि नाहीं. गळतीचा फोन दुपारीं जेवणाच्या वेळीं येतो आणि तो त्याच घेतात. रंगाऱ्यापाशीं दिवसभर बसावयाचें त्यांनीं, घर दाखवावयास दोन बसगाड्या बदलून जावयाचें त्यांनीं. एका वर्षांत त्यांच्या वारज्याच्या फेऱ्या मीं मोजल्या, त्या एकतीस भरल्या. “बसल्या जागीं उत्पन्न” हा शब्दप्रयोग पुरुषांनींच रूढ केला असावा.

दोघां भावांतला कागद

आतां ज्या प्रसंगासाठीं हा लेख लिहावयास घेतला तेथें येतों. २०२५ च्या एप्रिलांत माझ्या कन्येस परदेशांत उच्च शिक्षणासाठीं प्रवेश मिळाला व मला पैशांची गरज लागली. मीं दादांकडे दहा लाखांचा विषय काढला. ते सहज म्हणाले, “तुझे दहा लाख मीं विसरलों नाहीं. थोडे थोडे करून देतों.” मीं म्हटलें, “पण त्या घरांत माझा सातवा हिस्सा आहे असें मी धरून चाललों होतों. घराची किंमत आतां दलाल सत्तर लाख सांगतो.” दादांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, “हिस्सा असता तर बुडालेल्या चाळीस हजारांतहि तुझा हिस्सा असता. फरशीच्या खर्चांत होता. तेव्हां कोठें होतास?”

दोघांचेंहि म्हणणें खोटें नव्हतें, आणि कागद तर नव्हताच. मीं ते पैसे भागीदार म्हणून दिले असें मानलें होतें. त्यांनीं उसने म्हणून घेतले असें मानलें होतें. अडीच वर्षें एका पंगतीस बसून आम्ही दोन निराळ्या हिशेबांत राहत होतों. एप्रिल गेला, मे गेला. आंब्याची पेटी यंदा दोन भागांत वांटून आली. आमच्या सौ.नें व वहिनींनीं आपापसांतलें बोलणें सोडलें नाहीं, म्हणून घर एकत्र राहिलें. नाहीं तर भिंत उभी राहावयास वेळ लागला नसता.

शेवटीं एका परिचित वकिलांपुढें दोघेहि बसलों. त्यांनीं प्रथम मलाच खडसावलें. घर एकट्या दादांच्या नांवें आहे. १९८८ च्या बेनामी व्यवहारांच्या कायद्यांत २०१६ सालीं दुरुस्ती झाली. तीप्रमाणें भावाच्या नांवें घर घेण्यास पैसा घालावयाचा तर दोघांचीं नांवें संयुक्त मालक म्हणून कागदपत्रांत असावीं लागतात, व पैसा कोठून आला हें स्पष्ट असावें लागतें. “हिस्सा हिस्सा म्हणून तुम्ही जें सांगत आहांत,” ते म्हणाले, “तें मोठ्यानें सांगूं नका.” मग दादांकडे वळून म्हणाले, “आणि अडीच वर्षें दहा लाख बिनव्याजी वापरणें हेंहि भाऊपणांत बसत नाहीं.”

तेथेंच तोडगा निघाला. रक्कम कर्ज ठरली. बँकेच्या ठेवीइतकें व्याज ठरलें. पांच लाख दादांनीं एक ठेव मोडून लागलीच दिले. उरलेले पांच लाख पांच वर्षांत, अथवा त्यापूर्वीं घर विकलें गेल्यास त्या वेळीं, द्यावयाचे. कागदावर आम्हां दोघांच्या सह्या झाल्या, साक्षीदार म्हणून दोघी जावांच्या झाल्या, आणि प्रती मुलांस दिल्या. सही करतांना वहिनी म्हणाल्या, “हें घर घेतलें त्या दिवशींच केलें असतें तर आंबे गोड लागले असते.”

परक्याशीं करार करतांना आम्हीं पंख्यांची संख्यासुद्धां लिहून घेतली, आणि सख्ख्या भावांत दहा लाखांची एक ओळ लिहिली नाहीं. कागद म्हणजे अविश्वास, ही आपल्या घरांतून पक्की रुजलेली समजूत आहे. अनुभव उलट सांगतो. बाबांच्या वाड्यांत जें बिघडलें तें कायद्यानें बिघडलें; आमच्या घरांत जें बिघडूं लागलें होतें तें निव्वळ न लिहिल्यानें.

दुसरें घर घेऊं नये असें माझें सांगणें नाहीं. ज्यांचें रोजचें पोट त्यावर नाहीं, ज्यांच्या घरांत धांवपळ करणारें माणूस आहे व त्या माणसाची त्यास संमति आहे, त्यांनीं तें खुशाल घ्यावें. मात्र विसार देण्यापूर्वीं एका संध्याकाळीं घरांतील सर्वांनीं, स्त्रियांसुद्धां, एकत्र बसावें. किमतीवरचा खर्च धरून एकूण रक्कम किती, वर्षांत एक महिना घर रिकामें राहिल्यास हातीं काय उरतें, तीन महिने भाडें न आल्यास चूल कशावर पेटेल, दुपारीं नळ गळूं लागला तर कोण जाईल, आणि कोणाचा किती पैसा कोणत्या नात्यानें यांत पडला आहे, या प्रश्नांचीं उत्तरें वहींत लिहावीं व खालीं सर्वांनीं सह्या कराव्या.

आमच्याकडे ती वही आतां देवघराशेजारच्या फडताळांत असते. गेल्या पाडव्यापासून तींत एक नवा रकाना पडला आहे. वारज्याच्या प्रत्येक फेरीमागें दोनशें रुपये भाड्यांतून वहिनींच्या नांवें जमा होतात. रकाना दादांनीं स्वतःच्या हातानें आंखला आहे.